भाषा-शंका : ‘कोस्ता रिका’, पण ‘पुएर्तो रिको’

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी स्पॅनिश शिकणाऱ्या वाचकांच्या पत्रांचा विषय जवळजवळ एकच आहे : नामाचे लिंग लक्षात कसे ठेवावे. त्यामुळे हा मजकूर त्या एकाच विषयाला दिला आहे. स्पॅनिश शब्द उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिले असून लॅटिन अमेरिकेतील उच्चार धरला आहे. स्पेनच्या बऱ्याच भागांत ‘थ’सारखा ऐकू येणारा ध्वनी येथे ‘स’ म्हणून दिसेल.

प्रश्न : मी आठ महिन्यांपासून स्पॅनिश शिकते आहे. शब्दांचे अर्थ लक्षात राहतात, परंतु नामाआधी ‘एल’ हे पुल्लिंगी उपपद (इंग्रजीतील ‘द’सारखा शब्द) लावायचे की ‘ला’ हे स्त्रीलिंगी, हे राहत नाही. पुल्लिंगी शब्द निळ्या आणि स्त्रीलिंगी शब्द लाल शाईने लिहून पाहिले, तरी बोलताना रंग आठवत नाही. मराठीतील लिंगे आपण कधी पाठ केली नाहीत. मग येथेच एवढे अवघड का जावे?

उत्तर : शाईची अडचण अशी, की रंग हा शब्दाचा भाग नव्हे. बोलताना वही उघडायला वेळ नसतो. जे आधी जिभेवरून गेलेले असते तेच पुन्हा येते. मराठीतील लिंगे आपण पाठ केली नाहीत हे खरे, परंतु ती हजारो वेळा ऐकली. ‘किल्ली’ हा शब्द एकटा कानावर पडण्याचा प्रसंग क्वचितच येतो. किल्ली हरवली, किल्ली सापडली, माझी किल्ली, जुनी किल्ली, असाच तो येतो. आणि रुमाल ‘हरवला’, पाकीट ‘हरवले’ असे म्हणताना क्रियापदही प्रत्येक वेळी लिंगाची आठवण करून देते.

स्पॅनिशमध्ये ही सोय बरीच कमी आहे. किल्लीला तेथे ‘याबे’ म्हणतात आणि हा शब्द स्त्रीलिंगी आहे. परंतु ‘किल्ली हरवली’ आणि ‘पुस्तक हरवले’ या दोन वाक्यांचे स्पॅनिश केले, तर क्रियापद दोन्हीकडे अगदी तेच राहते. आपल्या ‘माझा, माझी, माझे’ या तिघांच्या जागी एकटे ‘मि’ येते : ‘मि याबे’, ‘मि लिब्रो’. ‘ग्रान्दे’ (मोठा), ‘बेर्दे’ (हिरवा), ‘आसुल’ (निळा) यांसारखी विशेषणेही लिंगानुसार बदलत नाहीत. लिंगाची खूण उरते ती मुख्यतः उपपदांत, सर्वनामांत आणि ‘ओ’कारान्त विशेषणांत. मराठी माणसाला लहानपणापासून क्रियापदाकडून जी मदत मिळत आली, ती येथे अचानक थांबते. आपल्याला वाटणारी अडचण त्यातून आलेली आहे, स्मरणशक्तीच्या दोषातून नव्हे.

म्हणून शब्द कधीही एकटा लिहू नये. तो उपपदासह लिहावा, हा सल्ला सर्वच शिक्षक देतात आणि तो बरोबरही आहे, परंतु माझ्या मते तो अपुरा आहे. ‘एल’ आणि ‘ला’ हे शब्द वेगात बोलताना पुढच्या शब्दात मिसळून जातात, आणि एका प्रसंगी तर ‘एल’ चक्क फसवते. त्याविषयी पुढे लिहिले आहे. त्याऐवजी नामापुढे ‘ओत्रो’ किंवा ‘ओत्रा’, म्हणजे ‘दुसरा’ किंवा ‘दुसरी’, लावून पाठ करावे : ‘ओत्रा याबे’, ‘ओत्रो लिब्रो’, ‘ओत्रा नोचे’ (रात्र), ‘ओत्रो पुएन्ते’ (पूल). मोजता न येणाऱ्या वस्तूंना ‘मुचो’ किंवा ‘मुचा’, म्हणजे ‘पुष्कळ’, लावावे : ‘मुचा लेचे’ (दूध), ‘मुचा साल’ (मीठ). या विशेषणांचा शेवटचा स्वर स्पष्ट ऐकू येतो, ती नामाच्या अगदी लगत आधी येतात आणि कोणत्याही नामापुढे आपले रूप झाकत नाहीत.

याहूनही टिकाऊ उपाय म्हणजे ज्यांत लिंग आधीच गोठलेले आहे असे तयार शब्दसमूह. पहिल्याच धड्यात आपण ‘बुएनोस दिआस’ आणि ‘बुएनास नोचेस’ ही अभिवादने शिकतो. ‘दिआ’ (दिवस) हा ‘आ’कारान्त असूनही पुल्लिंगी आहे, आणि ‘नोचे’ स्त्रीलिंगी आहे, ही दोन्ही उत्तरे ‘बुएनोस’ आणि ‘बुएनास’ यांत पहिल्या दिवसापासून आपल्याजवळ आहेत. वापरलेल्या वस्तूला ‘दे सेगुन्दा मानो’ म्हणतात. त्यातील ‘सेगुन्दा’मुळे ‘मानो’ (हात) स्त्रीलिंगी ठरतो. ‘ओत्रा बेस’ म्हणजे ‘पुन्हा एकदा’. ‘बेस’ (खेप) स्त्रीलिंगी.

नकाशा उघडला तर तोही याच कामाला लावता येतो. ‘कोस्ता रिका’ म्हणजे समृद्ध किनारा, आणि ‘पुएर्तो रिको’ म्हणजे समृद्ध बंदर. किनारा स्त्रीलिंगी, बंदर पुल्लिंगी, आणि तेच विशेषण दोन रूपांत. ‘बुएनोस आइरेस’ म्हणजे चांगले वारे, म्हणून ‘आइरे’ पुल्लिंगी. बोलिव्हियातील ‘ला पास’ (शांती), अर्जेंटिनातील ‘सान्ता फे’ (पवित्र श्रद्धा) आणि बोलिव्हियातीलच ‘सान्ता क्रुस’ (पवित्र क्रूस) ही नावे विशेष उपयोगी आहेत, कारण ‘पास’, ‘फे’ आणि ‘क्रुस’ या तिन्ही शब्दांच्या शेवटावरून लिंगाचा पत्ता लागत नाही, आणि गावाचे नाव तो आयता देते.

प्रश्न : ‘ओ’कारान्त शब्द पुल्लिंगी आणि ‘आ’कारान्त स्त्रीलिंगी, असा नियम आम्हाला शिकवला गेला आणि दुसऱ्याच आठवड्यात त्याचे अपवाद सुरू झाले. असे नियम पाठ करण्यात अर्थ आहे का?

उत्तर : आहे, आणि पुष्कळ आहे. ‘ओ’कारान्तांचे अपवाद इतके थोडे आहेत, की नेहमीच्या वापरातले एका हाताच्या बोटांवर मावतात. ‘मानो’ स्त्रीलिंगी आहे, कारण ज्या लॅटिन शब्दापासून तो आला, तो ‘मानुस’ स्त्रीलिंगी होता. ‘फोतो’ आणि ‘मोतो’ हे ‘फोतोग्राफिआ’ आणि ‘मोतोसिक्लेता’ यांचे आखूड केलेले शब्द आहेत. शेपूट तुटले तरी लिंग मूळ शब्दाचेच राहिले. (मराठीत फोटो ‘तो’ असल्यामुळे हा शब्द आपल्याला हमखास चकवतो.) ‘रादिओ’ स्पेनमध्ये स्त्रीलिंगी आहे, तर मेक्सिको आणि मध्य अमेरिकेत तो पुल्लिंगीही सर्रास ऐकू येतो.

‘आ’कारान्तांचे प्रकरण अधिक रंजक आहे. ‘प्रोब्लेमा’, ‘सिस्तेमा’, ‘तेमा’ (विषय), ‘इदिओमा’ (भाषा), ‘क्लिमा’ (हवामान), ‘प्रोग्रामा’, ‘पोएमा’ (कविता), ‘द्रामा’ हे सर्व पुल्लिंगी आहेत. हे ग्रीक भाषेतून लॅटिनमार्गे आलेले विद्वत्तेचे शब्द. ग्रीकमध्ये ते नपुंसकलिंगी होते आणि स्पॅनिशमध्ये नपुंसकलिंग न उरल्यामुळे पुल्लिंगात गेले. मराठी वाचकाला हे समजायला वेळ लागू नये. आपले स्वतःचे ‘आ’कारान्त शब्द, घोडा, आंबा, वाडा, बहुतेक पुल्लिंगी, परंतु संस्कृतातून जसेच्या तसे घेतलेले भाषा, आशा, समस्या हे शब्द आपले स्त्रीलिंग सांभाळून राहिले. बाहेरून आलेला शब्द येताना आपले बिऱ्हाड बरोबर घेऊन येतो, तसेच स्पॅनिशमधील या शब्दांचे झाले आहे.

मात्र शेवटी ‘मा’ दिसला की पुल्लिंग, असे समजू नये. ‘कामा’ (पलंग), ‘रामा’ (फांदी), ‘फोर्मा’ (आकार), ‘फिर्मा’ (सही), ‘ब्रोमा’ (थट्टा) हे सरळ स्त्रीलिंगी आहेत. इंग्रजीतही ओळखू येणारा, पुस्तकी वळणाचा शब्द असेल तर पुल्लिंगाकडे झुकावे, ही खूण बऱ्याच वेळा साथ देते. पण ‘फोर्मा’, ‘प्लाताफोर्मा’ आणि ‘आलार्मा’ हे शब्द तिलाही मोडून जातात. याखेरीज ‘दिआ’, ‘मापा’ (नकाशा), ‘प्लानेता’ (ग्रह), ‘त्रान्बिआ’ (ट्राम) आणि ‘सोफा’ हे पुल्लिंगी शब्द ‘ओत्रो’ लावून वेगळे पाठ करावेत.

शब्दाच्या एका अक्षरापेक्षा त्याचा प्रत्यय अधिक विश्वासू असतो. ‘सिओन’ने संपणारी ‘कान्सिओन’ (गाणे), ‘एस्तासिओन’ (स्थानक) यांसारखी नामे. ‘दाद’ आणि ‘ताद’ने संपणारी ‘सिउदाद’ (शहर), ‘लिबेर्ताद’ (स्वातंत्र्य). ‘तुद’ने संपणारे ‘हुबेन्तुद’ (तारुण्य). ‘उम्ब्रे’ने संपणारे ‘कोस्तुम्ब्रे’ (सवय) : ही सर्व स्त्रीलिंगी. उलट ‘आहे’ने संपणारे ‘बिआहे’ (प्रवास), ‘मेन्साहे’ (निरोप) आणि ‘ओर’ने संपणारे ‘कोलोर’, ‘आमोर’ हे पुल्लिंगी, पण ‘फ्लोर’ (फूल) आणि ‘लाबोर’ (काम) स्त्रीलिंगी. ‘आबिओन’ (विमान) आणि ‘कामिओन’ (ट्रक) यांच्या शेवटी ‘सिओन’ नाही, नुसते ‘इओन’ आहे, आणि ते पुल्लिंगी आहेत.

खरा प्रश्न उरतो तो ‘ए’कारान्त आणि इतर व्यंजनान्त शब्दांचा. ‘कोचे’ (मोटार) पुल्लिंगी आणि ‘नोचे’ स्त्रीलिंगी, ‘दिएन्ते’ (दात) पुल्लिंगी आणि ‘हेन्ते’ (लोक) स्त्रीलिंगी, ‘कोरासोन’ (हृदय) पुल्लिंगी आणि ‘रासोन’ (कारण) स्त्रीलिंगी. यांत नियम शोधत बसण्यात वेळ घालवू नये. पाठ करण्याचे सर्व बळ या गटासाठी राखून ठेवावे.

प्रश्न : पाण्याला ‘एल आग्वा’ म्हणतात, मग थंड पाण्याला ‘एल आग्वा फ्रिआ’ असे स्त्रीलिंगी विशेषण का? आमच्या वर्गात यावर बराच वाद झाला.

उत्तर : ‘आग्वा’ स्त्रीलिंगीच आहे. आघातयुक्त, म्हणजे उच्चारात जोर असलेल्या, ‘आ’ने सुरू होणाऱ्या स्त्रीलिंगी नामाच्या लगत आधी, एकवचनात, ‘ला’ऐवजी ‘एल’ येते : ‘एल आग्वा’, ‘एल आल्मा’ (आत्मा), ‘एल आगिला’ (गरुड), ‘एल आर्मा’ (शस्त्र). ‘आम्ब्रे’ (भूक) आणि ‘आचा’ (कुऱ्हाड) यांच्या लेखनात आधी ‘एच’ हे अक्षर असते, परंतु त्याचा उच्चार होत नाही, म्हणून तेही याच गटात येतात. आघात पहिल्या ‘आ’वर नसेल तर नियम लागू होत नाही, ‘आमिगा’ (मैत्रीण) या शब्दात तो ‘मि’वर असल्यामुळे ‘ला आमिगा’ असेच म्हणतात.

दोन ‘आ’ एकमेकांवर आदळू नयेत म्हणून पुल्लिंगी उपपद उसने घेतले, असे स्पष्टीकरण अनेकदा दिले जाते. इतिहास थोडा वेगळा आहे. लॅटिनमधील ‘इल्ला’ (ती) या स्त्रीलिंगी दर्शकापासून जुन्या स्पॅनिशमध्ये ‘एला’ झाले. व्यंजनापूर्वी त्याचे ‘ला’ उरले आणि स्वरापूर्वी ‘एल’. म्हणजे ‘एल आग्वा’मधील ‘एल’ जन्माने स्त्रीलिंगीच आहे, केवळ पुल्लिंगी ‘एल’सारखे दिसते. पूर्वी इतर स्वरांपुढेही ते येत असे. तलवारीला ‘एल एस्पादा’ असे जुन्या लेखनात सापडते. आज ते आघातयुक्त ‘आ’पुरते उरले आहे.

या ‘एल’चा प्रभाव लगतच्या नामापलीकडे जात नाही. ‘लास आग्वास’ हे अनेकवचन, ‘एस्ता आग्वा’ (हे पाणी), ‘ला मिस्मा आग्वा’ (तेच पाणी), ‘मुचा आग्वा’ : सगळीकडे स्त्रीलिंग उघडे पडते. येथे स्पॅनिश मातृभाषा असणारेही चुकतात आणि ‘एस्ते आग्वा’ म्हणून जातात, तेव्हा आपल्या वर्गातील वादाबद्दल कोणी संकोच बाळगू नये. नेहमीच्या वाक्यांपैकी ‘तेंगो मुचा आम्ब्रे’ (मला फार भूक लागली आहे) हे एक वाक्य पाठ केले, तरी सगळा नियम त्यात आला. उपपदापेक्षा ‘ओत्रा’ आणि ‘मुचा’ यांवर भर द्यावा असे मी वर म्हटले, त्याचे हे सर्वांत मोठे कारण.

प्रश्न : मराठी शब्दाच्या लिंगावरून स्पॅनिश शब्दाचे लिंग लक्षात ठेवता येईल का? शिवाय आपल्याकडे तीन लिंगे आणि तेथे दोनच. मग नपुंसकलिंगाचे काय झाले?

उत्तर : पहिल्या प्रश्नाचे उत्तर नाही असे आहे. सूर्य आणि ‘सोल’ दोघे पुल्लिंगी, रात्र आणि ‘नोचे’ दोघी स्त्रीलिंगी, एवढ्यावर विसंबले तर पुढच्याच पावलाला चंद्र ‘ला लुना’ होतो, हात ‘ला मानो’ होतो, ढग ‘ला नुबे’ होतो आणि नदी ‘एल रिओ’ होते. जुळलेल्या जोड्या योगायोगाच्या आहेत.

नपुंसकलिंग लॅटिनमध्ये होते. त्यातील बहुतेक शब्द पुल्लिंगात मिसळले. ‘तेम्प्लुम’चे ‘तेम्प्लो’ (मंदिर) झाले. काही शब्दांचे अनेकवचन ‘आ’कारान्त असल्यामुळे लोकांनी ते स्त्रीलिंगी एकवचन समजून घेतले, ‘फोलिआ’ (पाने) या अनेकवचनापासून आजचे ‘ला ओहा’ (पान) आले. नामांतून गेलेले नपुंसकलिंग ‘लो’ या छोट्या शब्दात मात्र टिकून आहे, आणि तेथे मराठी खरोखर मदत करते : ‘लो बुएनो’ म्हणजे ‘जे चांगले ते’, आणि ‘लो के पासो’ म्हणजे ‘जे घडले ते’. आपण जेथे ‘जे… ते’ म्हणू, तेथे बहुधा ‘लो’ बसते. आन्तोनिओ दे नेब्रिहा यांनी १४९२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कास्तिलियन (म्हणजे स्पॅनिश) भाषेच्या व्याकरणात तर लिंगांचे सात प्रकार सांगितले आहेत, त्यामुळे दोनांवर भागते आहे याचे समाधान मानायला हरकत नाही.

प्रश्न : शब्दकोशात काही शब्द दोन्ही लिंगांत दिलेले दिसतात. मग कोणतेही वापरले तर चालते का?

उत्तर : बहुतेक वेळा चालत नाही, कारण लिंग बदलले की अर्थ बदलतो. मराठीत ‘माझा वेळ गेला’ आणि ‘निघण्याची वेळ झाली’ यांत जो फरक आहे, किंवा गळ्यातला हार आणि खेळातली हार यांत जो आहे, तोच येथे आहे. ‘एल कापिताल’ म्हणजे भांडवल, ‘ला कापिताल’ म्हणजे राजधानी. ‘एल ओर्देन’ म्हणजे क्रम किंवा सुव्यवस्था, ‘ला ओर्देन’ म्हणजे आज्ञा. ‘एल फ्रेन्ते’ ही युद्धाची आघाडी, ‘ला फ्रेन्ते’ हे कपाळ. ‘एल कोमा’ ही रुग्णाची बेशुद्धावस्था आणि ‘ला कोमा’ हा स्वल्पविराम. ‘एल एदितोरिआल’ हा अग्रलेख आणि ‘ला एदितोरिआल’ ही प्रकाशनसंस्था. ‘एल कोमेता’ हा धूमकेतू, तर ‘ला कोमेता’ हा पतंग, आणि आकाशातल्या या दोन्ही शेपटीवाल्या वस्तूंचा शब्द मुळात एकच आहे. अशा जोड्या एकाच वाक्यात गुंफून शिकाव्यात. वेगवेगळ्या पानांवर लिहिल्या तर एकीची आठवण दुसरीला पुसते.

खरोखर दोन्ही लिंगे चालणारे शब्द थोडे आहेत. समुद्र, म्हणजे ‘मार’, सामान्य बोलण्यात पुल्लिंगी आहे. परंतु खलाशी, मच्छीमार आणि कवी त्याला ‘ला मार’ म्हणतात, आणि ‘एन आल्ता मार’ (भर समुद्रात) या शब्दसमूहात तो सर्वांसाठीच स्त्रीलिंगी आहे. साखरेला ‘एल’ लावून पुढे स्त्रीलिंगी विशेषण जोडण्याची, ‘एल आसुकार मोरेना’ अशी, विचित्र पण मान्य पद्धत आहे. ‘आर्ते’ (कला) एकवचनात सहसा पुल्लिंगी आणि अनेकवचनात स्त्रीलिंगी : ‘बेयास आर्तेस’ म्हणजे ललित कला. १७१३ मध्ये स्थापन झालेल्या स्पेनच्या शाही भाषा-अकादमीच्या शब्दकोशात लिंगाची नोंद अर्थाच्या आधी येते. ती न वाचता थेट अर्थाकडे उडी मारण्याची आपणा सर्वांची खोड आहे.

प्रश्न : एका पुरुषाविषयी लिहिताना मी ‘पेर्सोना’ शब्दाला पुल्लिंगी विशेषण लावले आणि ते चूक ठरले. का?

उत्तर : ‘पेर्सोना’ (व्यक्ती) आणि ‘बिक्तिमा’ (बळी पडलेली व्यक्ती) हे शब्द पुरुषाविषयी असले तरी स्त्रीलिंगीच राहतात, मराठीत पुरुषाविषयी बोलतानाही आपण ‘ती व्यक्ती’ म्हणतो, अगदी तसेच. उलट ‘आर्तिस्ता’, ‘देन्तिस्ता’, ‘एस्तुदिआन्ते’ (विद्यार्थी) यांचे रूप बदलत नाही, पण माणसाप्रमाणे ‘एल’ किंवा ‘ला’ बदलते.

प्रश्न : बोलता बोलता लिंग आठवले नाही तर काय करावे? थांबावे, की चुकीचे बोलून पुढे जावे?

उत्तर : पुढे जावे. वर दिलेल्या जोड्या सोडल्या, तर लिंगाच्या चुकीने अर्थ क्वचितच बिघडतो. प्रत्यय ओळखीचा असेल तर त्यावर विसंबावे. व्यंजनान्त अनोळखी शब्द असेल, किंवा अलीकडे दुसऱ्या भाषेतून आलेला असेल, तर पुल्लिंगाकडे झुकणे अधिक सुरक्षित. काही विद्यार्थी ‘मि’ (माझा), ‘सु’ (त्याचा) आणि ‘कादा’ (प्रत्येक) असे लिंग न दाखवणारे शब्द वापरून वेळ मारून नेतात. अडचणीच्या क्षणी ही युक्ती उपयोगी आहे, परंतु तिची सवय लागली तर तो शब्द वर्षभरानंतरही तितकाच परका राहतो. समोरची व्यक्ती ओळखीची असेल तर ‘एल ओ ला?’ एवढेच विचारावे. प्रश्नार्थक स्वरातले हे तीन छोटे शब्द कोणालाही कळतात आणि कोणी त्याचे वाईट वाटून घेत नाही. उत्तर मिळाले की ‘ओत्रो’ किंवा ‘ओत्रा’ लावून शब्द एकदा मोठ्याने उच्चारावा, आणि वहीत तो मगच, तसाच लिहावा.